२०१९ च्या पत्रकातले ओनियन पत्ते एकही उघडत नाहीत. नवे छापायचे का?

शब्दवेडा (इंदूर)
नमस्कार मंडळी. इंदूरच्या मराठी वाचनालयांत वाटण्यासाठी ऑनलाइन सुरक्षिततेवर एक आठ पानी पत्रक २०१९ साली निघालं होतं. त्याची नवी आवृत्ती करायची आहे. सहाव्या पानावर टॉर ब्राउझरमधून (जोडणी अनेक संगणकांतून फिरवून तुमचा ठावठिकाणा लपवणारा ब्राउझर) उघडायच्या साइटींचे १२ पत्ते आहेत. वृत्तसंस्था, ईमेल, सर्च इंजिन, सगळे सरळमार्गी. प्रत्येक पत्ता १६ अक्षरांचा, शेवटी डॉट ओनियन. आज बाराच्या बारा बंद आहेत. ब्राउझर म्हणतो, पत्ताच चुकीचा आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पत्ते एकदम कसे मेले? नवे पत्ते खात्रीने कुठून घ्यायचे? आणि त्या पानावर सुरक्षिततेचं काय लिहिलं म्हणजे वाचणाऱ्याला खरोखर उपयोग होईल?

जिरावन (इंदूर)
नावातच कांदा आहे, तेव्हा पापुद्रे निघणारच. किल्लीवाले येईपर्यंत मी पोहे घेऊन बसतो.

किल्लीवाला (बडोदा)
आलो. एकदम मेले, कारण ते सगळे एकाच पिढीचे होते. १६ अक्षरांचा पत्ता म्हणजे व्ही२, दुसरी पिढी. त्यात सेवेची १०२४ बिटांची आरएसए किल्ली, म्हणजे तिची गणिती ओळख असायची. त्या किल्लीचा एसएचए-१ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा काढायचा, त्यातले पहिले ८० बिट घ्यायचे आणि बेस-३२ मध्ये लिहायचे. दर अक्षराला ५ बिट, म्हणून १६ अक्षरं. १०२४ बिटांची आरएसए आणि एसएचए-१ या दोन्ही गोष्टी आज कोणी नव्या कामाला घेत नाही.

त्याहून मोठी खोट वेगळी होती. सेवेची माहिती काही ठरावीक रिलेंवर (टॉरच्या जाळ्यातल्या मधल्या संगणकांवर) ठेवली जाते आणि तुमचा ब्राउझर तिथून ती उचलतो. व्ही२ मध्ये त्या रिलेला पत्ता सरळ वाचता यायचा. शिवाय कोणत्या दिवशी कोणता रिले येणार हे आधीच मोजता येत असल्यामुळे मुद्दाम त्या जागी आपला रिले बसवणंही शक्य होतं. म्हणजे मी माझा पत्ता कोणालाच सांगितला नाही, म्हणून तो गुप्त आहे, हा समज व्ही२ मध्ये खोटा होता.

तिसरी पिढी, व्ही३, टॉरच्या ०.३.२ मालिकेत आली. तिची स्थिर आवृत्ती जानेवारी २०१८ ची. व्ही२ बंद करण्याचं वेळापत्रक २०२० मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर २०२० पासून इशारे दिसू लागले, २०२१ च्या मध्याला आलेल्या ०.४.६ मालिकेतून व्ही२ काढून टाकली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बाकीच्या स्थिर आवृत्त्यांतूनही ती गेली. नोव्हेंबर २०२१ च्या टॉर ब्राउझर ११.० ला व्ही२ पत्ता कळतच नाही. तुमचं पत्रक २०१९ चं, म्हणजे ते पत्ते छापले तेव्हा चालू होते. छापणाऱ्याची काही चूक नाही.

सायंतारा (ग्वाल्हेर)
दुकान हललं की जुन्या दारावर पाटी लावतात, ‘आम्ही बाड्याच्या पलीकडे गेलो’ म्हणून. इथे तशी पाटी का नाही? जुना पत्ता टाकला की नव्यावर जावं, एवढं साधं.

किल्लीवाला (बडोदा)
ताई, पाटी लावायला दार तर हवं. व्ही२ गेली म्हणजे दारच काढून टाकलं. रस्ता शोधून देणारे रिले आता ती भाषा बोलत नाहीत, तेव्हा पाटी लावली तरी ती दाखवणार कोण? २०२०-२१ मध्ये दोन्ही पिढ्या सोबत चालत होत्या. तेव्हा अनेक सेवांनी जुन्या पानावर नवा पत्ता लावला होता. ज्यांनी त्या काळात टिपून घेतला त्यांचं काम झालं.

आणखी एक गोष्ट. या पत्त्यांचं नोंदणी कार्यालय कुठेच नाही. साध्या डोमेनला नाव देणारी संस्था असते, इथे पत्ता हीच किल्ली आहे. व्ही३ च्या ५६ अक्षरांत ३२ बाइटची ईडी२५५१९ सार्वजनिक किल्ली, २ बाइटची पडताळणी बेरीज आणि १ बाइटचा आवृत्ती क्रमांक असतो. एकूण ३५ बाइट, म्हणजे २८० बिट. भागिले ५ बरोबर ५६. जुन्या किल्लीवरून नवी किल्ली काढता येत नाही, म्हणून जुन्या पत्त्यावरून नवा पत्ताही काढता येत नाही. कोणी ‘जुना द्या, नवा मिळवून देतो’ म्हणालं तर तिथून निघा.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
शब्दवेडा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मेलेल्या पत्त्याच्या जागी दुसरा शोधताना माणूस सर्चमध्ये साइटीचं नाव आणि ‘ओनियन’ टाकतो, पहिली यादी उघडतो आणि तिथला पत्ता उचलतो. फसवणारे नेमके तिथे बसलेले असतात. ‘हिडन विकी’ या नावाने फिरणाऱ्या याद्यांच्या कितीतरी नकला आहेत. कोणीही नक्कल करतो, दोन पत्ते बदलतो, बाकीचे खरे ठेवतो. दहा पत्ते बरोबर निघाले की अकराव्यावर विश्वास बसतो.

बरोबर रस्ता असा. टॉर ब्राउझर उघडा. त्या संस्थेचं नेहमीचं डोमेन, जे तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत आहे, ते हाताने टाइप करा. एचटीटीपीएस लागलंय का पाहा. बऱ्याच साइटी तिथूनच ब्राउझरला सांगतात की आमची ओनियन आवृत्तीही आहे. मग पत्त्याच्या पट्टीत जांभळं बटण येतं, ते दाबलं की तुम्ही ओनियन पत्त्यावर पोहोचता. ही सोय जून २०२० च्या टॉर ब्राउझर ९.५ पासून आहे. बटण नसेल तर त्याच साइटीच्या मदत पानावर पत्ता दिलेला असतो. पोहोचलात की लगेच बुकमार्क करा आणि पुढच्या वेळी तिथूनच जा.

बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्स, प्रोपब्लिका, डकडकगो, प्रोटॉन यांचे ओनियन पत्ते असेच त्यांच्या स्वतःच्या डोमेनवरून गाठता येतात. प्रोपब्लिकाने जानेवारी २०१६ मध्ये सुरुवात केली, न्यूयॉर्क टाइम्स ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि बीबीसी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. सगळ्यांना नंतर व्ही३ वर यावं लागलं.

गराडू (इंदूर)
मांडवीदादांशी सहमत, पण बुकमार्कला माझा अर्धा विरोध आहे. वाचनालयातल्या सामायिक संगणकावर बुकमार्क म्हणजे पुढच्या माणसाला आपली यादी वाचायला देणं. दुसरं, ओळखीच्या पत्त्याची पहिली सात-आठ अक्षरं लोकांना पाठ असतात, ती जुळली की पुरे. एवढ्यासाठी ५६ अक्षरं कोण तपासणार?

लष्करकर (ग्वाल्हेर)
गराडूभाऊ, सामायिक संगणकाचं तुमचं बरोबर. पहिल्या अक्षरांचं मात्र धोक्याचं आहे. त्याचं गणित मांडतो.

हवी ती सुरुवात असलेला पत्ता मिळवायला किल्ल्या तयार करत राहायच्या आणि जुळेपर्यंत पाहायचं. एमकेपी२२४ओ नावाचं फुकट साधन हेच करतं. दर वाढीव अक्षराला काम ३२ पट होतं. पहिली ८ अक्षरं जुळवायला सरासरी ३२ चा आठवा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रयत्न लागतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण सेकंदाला १ कोटी किल्ल्या तपासणाऱ्या यंत्राला ते साधारण ३० तासांचं काम आहे. ९ अक्षरांना सुमारे ४० दिवस, १० ला साडेतीन वर्षं. म्हणजे पहिली ७-८ अक्षरं जुळणं हा पुरावाच नाही. खरी साइट ज्या साधनाने आपल्या नावाची सुरुवात मिळवते, त्याच साधनाने खोटीही मिळवते.

पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुष्कळ जण पहिली काही आणि शेवटची काही अक्षरं पाहतात. व्ही३ चं शेवटचं अक्षर कायम ‘डी’ असतं, कारण आवृत्ती क्रमांक ३ तिथे येतो. त्याच्या आधीचं अक्षर ‘ए’, ‘आय’, ‘क्यू’, ‘वाय’ या चारांपैकीच एक असतं, कारण त्याच्या ५ बिटांतले ३ बिट आवृत्तीचे आणि कायम शून्य असतात. म्हणजे शेवटची दोन अक्षरं जगातल्या प्रत्येक चौथ्या पत्त्याशी जुळणार. पाहायचं तर मधलं पाहा.

गराडू (इंदूर)
हे शेवटच्या दोन अक्षरांचं खरंच माहीत नव्हतं. मागे घेतो. पण मग माणसाने तपासायचं कसं? डोळे फिरतात.

लष्करकर (ग्वाल्हेर)
८ अक्षरांचे ७ गट करा. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा टिक करतो. एकटे असाल तर दोन पत्ते एकाखाली एक, समान रुंदीच्या फॉन्टमध्ये लावा. फरक उभ्या रांगेत दिसतो.

पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे येतात. ०, १, ८, ९ कधीच नाहीत. म्हणून गोल दिसलं की ते ‘ओ’ अक्षर, शून्य नव्हे. उभी दांडी दिसली की ‘एल’ किंवा ‘आय’, एक नव्हे. कागदावरून उतरवताना पुष्कळ चुका इथेच होतात.

चूक आणि फसवणूक यांत गल्लत नको. एखादं अक्षर चुकलं तर पडताळणी बेरीज जुळत नाही आणि ब्राउझर लगेच नकार देतो, चुकून भलत्या साइटीवर जाण्याची भीती जवळजवळ नाही. फसवा पत्ता मात्र स्वतःपुरता पूर्ण बरोबर असतो, त्याची बेरीज जुळते. तो ओळखणं ब्राउझरच्या हातात नाही, तुमच्या आहे. आणि कॉपी-पेस्ट केल्यावरही एकदा पाहा. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे व्हायरस असतात.

कान्हकाठ (इंदूर)
इतके आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा साधी नावं का नाहीत, असं वाटणाऱ्यांसाठी. झूकोचा त्रिकोण म्हणून एक विचार आहे. नाव लक्षात राहणारं हवं, त्याची नक्कल करता येऊ नये आणि ते वाटायला मधे कोणी अधिकारी नको, या तिन्ही गोष्टी एकत्र साधणं फार कठीण, दोन निवडाव्या लागतात. ‘राजवाड्यामागे, सराफ्याच्या तोंडाशी’ हा पत्ता लक्षात राहतो, पण त्या वर्णनाची पन्नास दारं निघतील. ओनियनने नक्कल न होणं आणि अधिकारी नसणं निवडलं, लक्षात राहणं सोडलं. म्हणून ते काम बुकमार्कने किंवा पासवर्ड मॅनेजरने करायचं. गराडूभाऊ, पासवर्ड मॅनेजरच्या फाइलला कुलूप असतं, तुमची सामायिक संगणकाची शंकाही तिथे बरीचशी मिटते.

लीलोचिवडो (बडोदा)
पत्ता बरोबर असूनही साइट उघडली नाही तर टॉर ब्राउझर एक संकेत दाखवतो. लोक तो न वाचता दुसरा पत्ता शोधायला धावतात, आणि मग मांडवीदादा म्हणाले त्या यादीत अडकतात. थोडक्यात:

एक्सएफ६ म्हणजे पत्ताच अवैध. अक्षर चुकलं, किंवा तो जुना १६ अक्षरी आहे. शब्दवेडा, तुम्हाला हाच दिसला असणार.
एक्सएफ० म्हणजे पत्ता वैध, पण सेवेची माहिती नेटवर्कवर सापडली नाही. बहुधा पलीकडचा सर्व्हर बंद आहे. तास-दोन तासांनी पाहा.
एक्सएफ२, एक्सएफ३ आणि एक्सएफ७ म्हणजे सेवा आहे, पण जोडणी जुळता जुळता तुटली किंवा वेळ संपली. गर्दी किंवा हल्ला असू शकतो. ‘या साइटीसाठी नवा सर्किट’, म्हणजे रिलेंमधून जाणारा नवा रस्ता घेऊन पुन्हा पाहा.
एक्सएफ४ म्हणजे सेवा खाजगी आहे, मालकाने दिलेली किल्ली हवी. एक्सएफ५ म्हणजे दिलेली किल्ली चुकीची.

यातल्या एकाचाही अर्थ ‘दुसरीकडून नवा पत्ता आणा’ असा नाही, एक्सएफ६ सोडून.

कान्हकाठ (इंदूर)
लीलोचिवडोंच्या यादीत एक भर. सगळ्याच ओनियन साइटी बंद दिसत असतील किंवा टॉर जोडलाच जात नसेल, तर आधी घड्याळ पाहा. व्ही३ मध्ये सेवेची माहिती कुठे ठेवायची ती जागा दर २४ तासांनी बदलते आणि दोन्ही बाजू ती आपापल्या घड्याळावरून मोजतात.

फसगत अशी होते की भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळते, पण टाइम झोन चुकलेला असतो. टॉर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ पाहतो, आणि मग संगणक साडेपाच तास मागे किंवा पुढे निघतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असेल तर हे हमखास होतं: विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवतो, लिनक्स तिथे यूटीसी समजतो. दोघांपैकी एकाची सेटिंग बदला. जुन्या यंत्रात दर वेळी तारीखच मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. वाचनालयातल्या संगणकांवर हे आधी तपासा.

सायंतारा (ग्वाल्हेर)
एक विचारू? पत्रकात ‘आधी व्हीपीएन लावा, मग टॉर’ असं लिहावं का? सगळीकडे तसं सांगतात.

गराडू (इंदूर)
लिहावं. इंटरनेट देणाऱ्याला टॉर दिसतच नाही मग.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
लिहू नये, असं माझं मत. व्हीपीएनने तुम्ही अदृश्य होत नाही, पाहणारा बदलतो. आधी इंटरनेट पुरवठादाराला दिसायचं की हा टॉर वापरतोय, आता ते व्हीपीएनवाल्याला दिसतं, आणि त्याच्याकडे तुमचं पैसे भरल्याचं नाव असतं. सीईआरटी-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, आयपी पत्ते आणि संपर्क ५ वर्षं जपून ठेवायचे आहेत. फुकटच्या व्हीपीएनचा मुद्दा तर सोडूनच द्या.

पुरवठादाराला टॉर दिसू नये, किंवा जोडणी अडवली जाते म्हणून हवं असेल, तर टॉरमध्येच ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या आडवाटा आहेत. सेटिंगमध्ये ‘जोडणी’ विभागात जाऊन ओबीएफएस४, स्नोफ्लेक किंवा वेबटनेल निवडायचा. आधी स्नोफ्लेक करून पाहा, काही शोधून आणावं लागत नाही.

गराडू (इंदूर)
ब्रिजचं पटलं. व्हीपीएन कायमच वाईट हे नाही पटलं. कामाच्या जागी लावावा लागतो, घरी सोडून द्यायचा का? पण पत्रकात ‘लावाच’ असं नको, एवढं मान्य.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
तेवढ्यावर आपलं जुळलं.

किल्लीवाला (बडोदा)
व्हीपीएनपेक्षा माणसं कुठे पकडली जातात ते पाहा, त्यावर पान लिहा. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी ईमेलने आली. पाठवणाऱ्याने टॉर वापरला होता, पण विद्यापीठाच्याच वायफायवरून. त्या वेळी तिथे टॉर वापरणारे मोजकेच होते, चौकशी त्यांच्यापर्यंत सहज गेली. टॉर फुटला नव्हता. धमकी देणारा पकडला गेला ते योग्यच झालं. आपल्याला त्यातून कळतं ते एवढंच की टॉर तुम्ही काय पाहता ते लपवतो, तुम्ही टॉर वापरताय हे लपवत नाही.

दुसरं उदाहरण ऑगस्ट २०१३ चं. फ्रीडम होस्टिंग या ओनियन साइटींना जागा देणाऱ्या सेवेवरच्या पानांत एक घातक जावास्क्रिप्ट पेरली होती. जुन्या फायरफॉक्सवर बांधलेल्या टॉर ब्राउझरचा दोष वापरून ती विंडोज संगणकाचा खरा आयपी पत्ता बाहेर पाठवायची. तो दोष जूनमध्येच दुरुस्त झाला होता. ज्यांनी ब्राउझर अद्ययावत केला होता ते वाचले, ‘नंतर करू’ म्हणणारे सापडले.

म्हणून शब्दवेडा, जुन्या पत्त्याची काळजी करताय ती करा, पण जुन्या ब्राउझरची जास्त करा. मेलेला पत्ता फक्त उघडत नाही. जुना ब्राउझर सगळं उघडतो.

शब्दवेडा (इंदूर)
हे शेवटचं वाक्य पत्रकात घेऊ का? वाचनालयांतल्या काही संगणकांवर अजून विंडोज ७ आहे.

किल्लीवाला (बडोदा)
घ्या खुशाल. विंडोज ७ आणि ८.१ वर मात्र टॉर ब्राउझर १४.० पासूनच्या आवृत्त्या चालत नाहीत. किमान विंडोज १० हवं. त्या संगणकांवर टॉर ब्राउझर टाकूच नका, सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळतो.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
पानासाठी आणखी काही गोष्टी, सुचतील तशा.

ब्राउझर टॉरप्रोजेक्ट डॉट ओआरजी वरूनच घ्या. २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने रशियन लोकांसाठी बनवलेला खोटा टॉर ब्राउझर उघडकीला आणला होता. दिसायला तोच, पण बिटकॉइन भरताना पैसे घेणाऱ्याचा पत्ता बदलायचा. डाउनलोडसोबत सहीची छोटी फाइल मिळते, विंडोजवर जीपीजी४विन टाकून ती तपासता येते. अँड्रॉइडला टॉर ब्राउझर आहेच. आयफोनला तो नाही, तिथे टॉर प्रकल्प ओनियन ब्राउझर सुचवतो.

सुरक्षा पातळी तीन आहेत. अनोळखी ओनियन साइटीवर जाताना सर्वांत वरची ठेवा, जावास्क्रिप्ट पूर्ण बंद होते. बातम्या वाचायला मधली पुरते. वरच्या पातळीवर काही साइटी मोडक्या दिसतात. म्हणून लोक पातळी खाली आणतात आणि परत वर न्यायला विसरतात.

स्वतःची एक्स्टेंशन टाकू नका. तुम्ही गर्दीत मिसळलेले असता ते सगळ्यांचा ब्राउझर सारखा दिसतो म्हणून. खिडकीच्या कडेला राखाडी पट्टे दिसतात तेही त्यासाठीच, स्क्रीनचा खरा आकार कळू नये म्हणून. बिघाड नाही तो.

डाउनलोड केलेली वर्ड किंवा पीडीएफ फाइल इंटरनेट चालू असताना बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडू नका. ती स्वतःहून बाहेर संपर्क करू शकते, टॉरला वळसा घालून. डेंजरझोन नावाचं साधन अशा फाइलीची निरुपद्रवी पीडीएफ करून देतं. फोटो पाठवताना त्यातली जीपीएसची नोंद आधी काढा. टॉरमधून टोरेंट चालवू नका.

आणि टॉरमधून आपल्या रोजच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलं की त्या साइटीपुरतं निनावीपण संपलं. दोन कामं वेगळी ठेवायची असतील तर मधे ‘नवी ओळख’ दाबा. ‘नवा सर्किट’ फक्त रस्ता बदलतो, कुकी तशाच राहतात.

जिरावन (इंदूर)
व्हॉट्सॲपवर कोणी ओनियन लिंक पाठवली आणि बोट लागलं तर?

लीलोचिवडो (बडोदा)
फोनचा साधा ब्राउझर उघडतो, साइट उघडत नाही. पण ते नाव पुरवठादाराच्या डीएनएसकडे (साइटीच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे) किंवा सर्च इंजिनकडे जाऊ शकतं, म्हणजे तुम्ही काय उघडायला निघालात ते तिथे कळतं. २०१५ च्या आरएफसी ७६८६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने डॉट ओनियन राखीव ठेवलं आणि साध्या डीएनएसने ते विचारूच नये असं सांगितलं, पण सगळी यंत्रं ते पाळत नाहीत. पत्त्याच्या शेवटी आणखी एखादं साधं डोमेन जोडलेले दुवेही फिरतात, जे क्रोममध्येही उघडतात. ते टॉर नव्हे, मधला एक सर्व्हर आहे. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड त्याला वाचता येतो.

सायंतारा (ग्वाल्हेर)
आणि सामायिक संगणकाचं काय ठरलं? गराडूंनी विचारलेलं तसंच राहिलं.

लष्करकर (ग्वाल्हेर)
टेल्स, ही पेनड्राइव्हवरून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायचं, संगणक त्यावरून सुरू करायचा. सगळी रहदारी टॉरमधूनच जाते आणि हार्डडिस्कवर काही लिहिलं जात नाही. सप्टेंबर २०२४ पासून टेल्स आणि टॉर प्रकल्प एकच झाले आहेत. पण कीबोर्डच्या वायरीत बसवलेलं कळ टिपणारं यंत्र टेल्सला कळत नाही. आणि वाचनालयाच्या संगणकावर पेनड्राइव्हवरून सुरू करायला ग्रंथपालांची परवानगी घ्या, गुपचूप नको.

कान्हकाठ (इंदूर)
लष्करकर, स्वतःची ओनियन सेवा चालवणाऱ्यांसाठीही दोन ओळी लिहा ना. जुनी व्ही२ सेवा पडून असलेले असतील इथे.

लष्करकर (ग्वाल्हेर)
टॉरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘आवृत्ती २’ सांगणारी ओळ असेल तर काढा. सेवेचं फोल्डर नवं द्या, जुन्यात व्ही२ ची किल्ली पडलेली असते. परवानगी ७०० (फक्त मालकाला), मालक टॉरचाच वापरकर्ता. टॉर पुन्हा सुरू केला की फोल्डरमध्ये होस्टनेम फाइलीत ५६ अक्षरी पत्ता तयार. शेजारी ९६ बाइटची गुप्त किल्ली असते, तिची कुलूपबंद प्रत दोन ठिकाणी ठेवा. ती गेली की पत्ता गेला, परत देणारं कोणी नाही. ती चोरीला गेली तर चोर तुमच्याच पत्त्यावर बसतो.

वेब सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर (त्याच यंत्रापुरत्या पत्त्यावर) ऐकू द्या, किंवा युनिक्स सॉकेटवर. तोच मजकूर सार्वजनिक आयपीवरही दिसत असेल तर दोन्ही जोडायला कोणालाही वेळ लागत नाही. अपाचेमध्ये सर्व्हरची स्थिती दाखवणारं पान असतं, ते नेहमी ‘फक्त याच यंत्रावरून’ उघडं ठेवलेलं असतं. टॉरमधून येणारा प्रत्येक पाहुणा त्याला याच यंत्रावरून आल्यासारखा दिसतो! म्हणून ते पान जगाला खुलं होतं, त्यात चालू विनंत्या आणि दुसऱ्या साइटींची नावं दिसतात. स्टेटस मॉड्यूल बंदच करा.

थोड्याच लोकांसाठी सेवा असेल तर ग्राहक-परवानगी लावा, किल्ली नसलेल्याला पत्ता माहीत असला तरी सेवेशी जोडणी करता येत नाही. गर्दीचा हल्ला होत असेल तर ०.४.८ पासून कोडं सोडवायला लावणारं संरक्षण आहे, ते चालू करा.

जिरावन (इंदूर)
आयटूपी या टॉरसारख्या दुसऱ्या जाळ्याचे पत्तेही असेच मेले का?

कान्हकाठ (इंदूर)
नाही, तिथली रीत वेगळी. आयटूपीमध्ये नावं तुमच्याच यंत्रावरच्या पत्ता-वहीत असतात. तुमच्या आणि माझ्या वहीत एकाच नावापुढे वेगळा पत्ता असू शकतो. म्हणून नाव दुसऱ्याला देताना ५२ अक्षरी बी३२ रूप द्यायचं. त्यावर वेगळा धागा काढू, हा इथेच ठेवू.

गराडू (इंदूर)
मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्ते छापायचे की नाही? माझं मत: छापू नका. २०१९ मध्ये छापले, दोन वर्षांत बारा बंद. व्ही३ टिकेल, पण संस्था किल्ली बदलते, सेवा बंद करते. कागद दुरुस्त होत नाही. आणि आपलं पत्रक पाहून कोणी पत्ते बदललेली नक्कल वाटली तर लोक आपल्या नावावर विश्वास ठेवून फसतील.

लीलोचिवडो (बडोदा)
छापण्याच्या अडचणीही आहेत. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लावला असेल तर इंग्रजी अक्षरं त्याच फॉन्टमध्ये गेली की देवनागरीचा काला होतो. ओळ पुरली नाही की सॉफ्टवेअर मधे जोडरेघ घालतं, वाचणारा ती पत्त्यात टाइप करतो. वाक्याचा पूर्णविराम पत्त्याला चिकटतो. ५६ अक्षरं ए५ पानावर एका ओळीत मावायला अक्षर इतकं बारीक होतं की ज्येष्ठांना ‘एल’ आणि ‘आय’ वेगळे दिसणार नाहीत.

शब्दवेडा (इंदूर)
ठरलं. बारा ओनियन पत्ते काढतो. त्याजागी संस्थांची साधी डोमेन आणि हा मजकूर, पाहून सांगा:

‘ओनियन पत्ता १६ अक्षरांचा असेल तर तो २०२१ पासून बंद आहे, त्याचा नवा पत्ता यादीत शोधू नका. टॉर ब्राउझरमध्ये संस्थेचं नेहमीचं डोमेन टाइप करा आणि जांभळं बटण दाबा. मिळालेला पत्ता ८-८ अक्षरांच्या ७ गटांत तपासा. पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणं पुरेसं नाही. ब्राउझर अद्ययावत आहे का पाहा. घड्याळ आणि टाइम झोन पाहा. उतरवलेली फाइल इंटरनेट चालू असताना उघडू नका. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.’

किल्लीवाला (बडोदा)
चांगलं झालंय. एक बदल: ‘तपासा’ म्हटलंय, पण कशाशी ते नाही. ‘संस्थेच्या एचटीटीपीएस साइटीवर दिलेल्या पत्त्याशी’ एवढं घाला. नाहीतर लोक एका यादीतला पत्ता दुसऱ्या यादीशी ताडून पाहतील.

सायंतारा (ग्वाल्हेर)
‘उतरवलेली फाइल’ ऐवजी ‘डाउनलोड केलेली’ लिहा. आमच्याकडे उतरवणं म्हणजे हाताने लिहून घेणं.

शब्दवेडा (इंदूर)
दोन्ही बदलले. पान उद्या छपाईला जातंय, ग्वाल्हेर आणि बडोद्याला किती प्रती हव्यात ते इथेच लिहा.

लष्करकर (ग्वाल्हेर)
ग्वाल्हेरला ५०.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
बडोद्याला ७५. छापण्याआधी पीडीएफ पाठवा, डोमेन एकेक करून टाइप करून बघतो.